साठ टक्क्यांचे पेढे

अहो, तेरावं झालं, पाहुणे पांगले, मनीषाही काल खांदेश्वरला तिच्या घरी गेली. आता या घरात मी आणि तुमचा फोटो. फोटोत तुम्ही हसताय. पाटणकरांच्या मुलाच्या लग्नातला तो फोटो मनीषाने मोठा करून आणला आणि म्हणाली, "आई, बाबा किती छान दिसतायत ना?" मी हो म्हटलं. पण मला तो फोटो पटत नाही. काहीतरी लपवलेलं असलं की तुम्ही असे हसायचात. माझी सगळी नोकरी शाळेत गेली. परीक्षेच्या वर्गात कुठल्या पोराच्या बाहीत चिठ्ठी आहे ते मला दारातूनच कळायचं, आणि बाई आल्या की ती पोरं अगदी अशीच हसायची.

तेव्हा आता सरळच विचारते. तुम्हाला माहीत होतं का?

जो तो येऊन म्हणतो, पुण्यवान माणूस, कुणाला त्रास दिला नाही, बसल्या जागी गेले. मी मान हलवते आणि चहा पुढे करते. मनात म्हणते, थांबा, हे एवढं सोपं नाही. हृदयाच्या तपासणीत साठ टक्के पडलेला माणूस मॉलच्या बाकावर बसल्या बसल्या जातो कसा? इथे कुणीतरी खोटं बोललंय. मशीन बोललं, डॉक्टर बोलली, नाहीतर तुम्ही बोललात. मशीनला माझ्याशी खोटं बोलून काय मिळणार होतं?

तो टू-डी एकोचा दिवस आठवतो ना? जिना चढताना तुम्हाला धाप लागली, ती नेमकी मनीषाने बघितली आणि दुसऱ्या दिवशी आपल्या दोघांना गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. तुम्ही डाव्या कुशीवर झोपलात, छातीला तो गार चिकट जेल लावला, आणि मी पडद्याच्या फटीतून बघत होते. स्क्रीनवर करड्या रंगाचं काहीतरी आवळत होतं, सैल सुटत होतं. टेक्निशियन मुलगी मध्येच चित्र थांबवायची, कडेने रेघ मारायची, परत चालू करायची. मनीषा गाडी लावायला गेली ती गेलीच. मग डॉक्टर मॅडमनी आपल्याला आत बोलावलं. आपल्या मनीषाच्या वयाची पोरगी. ती बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात तुम्ही मला म्हणालात, "तू बाहेर बाकावर बस जाऊन. आत एसी फार आहे, गुडघा धरेल तुझा."

तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. पण गुडघा खरोखरच धरला होता हो. गेले मी बाहेर.

तुम्ही बाहेर आलात ते हाच फोटोतला चेहरा घेऊन.

"काय म्हणाली?"

"साठ टक्के."

"शंभरपैकी?"

"मग काय दोनशेपैकी?"

मी फाईल ओढून घेतली. इंग्रजीत लांबलचक काय काय लिहिलं होतं, पण साठाचा आकडा ठळक होता. हृदयाचा डावा कप्पा रक्त पुढे ढकलतो, त्याचे म्हणे हे मार्क. आपल्या तळमजल्यावरच्या कामतांना पस्तीस मिळाले होते, म्हणजे काठावर पास, आणि त्यांच्या घरी केवढी रडारड झाली होती. त्यांच्यापुढे साठ! "अहो, हा तर फर्स्ट क्लास!" मी त्या कॉरिडॉरमध्ये मोठ्याने बोलले, आणि बाकावरचे पेशंट वळून बघायला लागले. खालच्या ओळीत लीक झाल्याचं काहीतरी होतं, त्यावर मी बोट ठेवलं. मी सोडते होय! तर तुम्ही म्हणालात, "थोडंफार लीक सगळ्यांचंच असतं. डॉक्टरच म्हणाल्या. वय झालं की वायसर झिजतातच." आणि फाईल माझ्या हातातून काढून स्वतःच्या पिशवीत घातलीत.

मी स्टेशनजवळच्या हलवायाकडे गाडी थांबवायला लावली. पेढे घेतले. मला जिना चढणं म्हणजे शिक्षा, म्हणून मनीषाला प्रत्येक माळ्यावर पाठवलं. संध्याकाळी दुसऱ्या माळ्यावरच्या पाटणकर वहिनी वर आल्या. "भाऊजी, अभिनंदन! फर्स्ट क्लास म्हणे." तुम्ही पेढ्याचा तुकडा तोंडात टाकलात आणि म्हणालात, "डिस्टिंक्शन हुकली हो वहिनी."

सगळे हसले. मी सगळ्यात जास्त हसले. ते वाक्य आता माझ्या घशात अडकून बसलंय.

कारण तुम्ही भोळे नव्हतात. रबाळ्याच्या त्या केमिकल कंपनीत तुम्ही सगळी हयात पंपांच्या मेन्टेनन्सला काढलीत. लग्नानंतर मला वाटायचं, या माणसाला बायकोपेक्षा मोटरीचा आवाज जास्त कळतो. आपल्या बिल्डिंगचा पाण्याचा घोळ झाला होता ते आठवा. मोटर सारखी चालू, लाईटचं मीटर गरागरा फिरतंय, आणि गच्चीवरच्या टाकीत पाणी नाही. कमिटीची मीटिंग झाली. मीटिंग कसली, बाजारच तो. चेअरमनना खालच्या ब्यूटी पार्लरवर संशय. मला तर खात्रीच होती, मी तिच्या मागच्या खिडकीतून डोकावूनसुद्धा आले होते. गावातला प्लंबर दत्तू डोक्याला हात लावून बसला होता. "मोटर तं फिरते हाय काका, पन टाकीन पानी येत नाय."

तुम्ही कुणाचं काही ऐकलं नाहीत. पंपरूममध्ये गेलात. तिथे दोन मोटरी, एक चालू, एक आराम करणारी. तुम्ही आराम करणारीच्या पाइपावर तळवा ठेवलात आणि दत्तूला म्हणालात, "ही बंद आहे ना? मग हिच्या पाइपातून पाणी कसं पळतंय?"

मला काही कळलं नव्हतं. घरी आल्यावर जेवताना तुम्ही वाटी-चमच्याने समजावलंत. पंपाच्या पुढे एक व्हॉल्व असतो, एनआरव्ही. पाण्याला पुढे जाऊ द्यायचं, मागे येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. तो झिजला की चालू पंपाने वर ढकललेलं पाणी बंद मोटरीच्या पाइपातून पुन्हा खालच्या टाकीत येतं. पंप तेच तेच पाणी दिवसभर उपसत राहतो. तो काही कामचोर नसतो, उलट दुप्पट राबतो. "मीटर खोटं बोलत नाही गं," तुम्ही म्हणालात, "पण पाणी कुठे गेलं ते मीटरला विचारायचं नसतं."

मी म्हटलं, "वरण गार होतंय."

तर असा माणूस. बंद मोटरीच्या पाइपावर हात ठेवून रोग सांगणारा. आणि त्याला स्वतःच्या छातीतल्या पंपाचं काही कळलं नाही, असं मी मानायचं?

मला संशय नव्हता असं समजू नका. आला होता, भरपूर आला होता. तुम्ही तिसरी उशी घ्यायला लागलात, मला वाटलं, रात्री फोनवर व्हिडिओ बघायला. ती सकाळची गोळी, जी घेतली की तुम्ही दर अर्ध्या तासाने बाथरूमकडे पळायचात, ती प्रोस्टेटची म्हणून सांगितलीत, आणि मी पाटणकर वहिनींना हळूच विचारून घेतलं की पुरुषांना ते होतं का. जिन्यात तुम्ही रेंगाळायला लागलात, तर मला वाटलं बिड्या सुरू झाल्या परत. तुमचा शर्ट धुवायला टाकण्याआधी मी वास घ्यायची. एकदा तुम्ही मला त्या अवस्थेत पकडलंत. "काय बाई, सापडली का कॉपी?" म्हणालात. "सापडेल," मी म्हटलं. "जाते कुठे!"

नाही सापडली. मी सगळ्या चुकीच्या खिशात हात घालत होते.

आणि ती माझ्या गुडघ्याची घाई. किती वर्षं मी ऑपरेशन टाळत होते, तुम्ही कधी जबरदस्ती केली नव्हती. चौथा माळा, लिफ्ट नाही, मी खाली उतरायचंच सोडून दिलं होतं. बाल्कनीतून दोरीला पिशवी बांधून सोडायची, भाजीवाला भाजी टाकणार, तुम्ही वर ओढणार. चाललं होतं की आपलं. पेढे वाटले आणि आठवडाभरात तुम्ही विषय काढलात. "गुडघा करून घे." मी म्हटलं, "एवढं काय नडलंय?" "पिशवी ओढून माझे हात दुखतात." "मग मी ओढते." तर तुम्ही एकदम आवाज चढवलात, आयुष्यात कधी चढवला नव्हता तेवढा. "तू काय जन्मभर चौथ्या माळ्यावर बसून राहणार आहेस का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही उठून बाल्कनीत गेलात. मला वाटलं, कंटाळले हे मला. आता यांना फिरायला जायचंय, चार लोकांत मिसळायचंय आणि माझी अडचण होतेय. खरं सांगते, त्या रागात मी ऑपरेशनला हो म्हटलं.

नवा गुडघा आला. मी काठी घेऊन जिना चढायला लागले. तुम्ही माझ्या मागे, दर माळ्यावर थांबवायचात. पाटणकरांच्या दाराशी तर ठरलेलं. "थांब जरा, दम लागला असेल तुला."

"मला नाही लागला."

"लागला असेल. कळत नाही आपल्याला."

आणि तुम्ही कठडा धरून त्यांच्या तुळशीकडे बघत उभे राहायचात. किती जपतात हो काका तुम्हाला, पाटणकरांची सून म्हणायची. मीही सुखावायची. मी कशाला लपवू, मला फार बरं वाटायचं. लग्न झाल्यापासून तुम्ही माझ्यापुढे चार पावलं चालणारे, आणि आता माझ्या चालीने चालताय, माझी वाट बघताय. मग मॉल सुरू झाला. "रिकामटेकड्यांचा गारवा" म्हणून ज्या जागेला तुम्ही नाव ठेवलंत, त्या सीवूड्सच्या मॉलमध्ये तुम्ही मला रोज न्यायला लागलात. सपाट फरशी, तुझ्या गुडघ्याला बरी. सरकता जिना, तुझ्या गुडघ्याला बरा. जागोजागी बाक, तुझ्या गुडघ्याला बरे. मेला माझा गुडघा! सगळ्या गोष्टी तुम्ही त्याच्या नावावर खपवल्यात.

रोज एकच प्रश्न. "काठी कधी सोडतेस?" मला राग यायचा. काठीवाली बायको बरोबर घेऊन फिरायची लाज वाटते होय? एकदा तसं बोललेसुद्धा. तुम्ही फक्त म्हणालात, "सोड गं लवकर."

आणि तो दिवस. मॉल नुकताच उघडला होता, पोरं अजून फरशी पुसत होती. आपण आपल्या नेहमीच्या बाकाशी गेलो. तुम्ही बसलात आणि हात पुढे केलात. "काठी दे इकडे. एक फेरी एकटी मारून ये." मी म्हटलं, "पडले तर?" "पडलीस तर उचलायला मी आहे." मी दिली काठी. निघाले. फिजिओची मुलगी सांगायची, काकू, खाली बघू नका, मागे बघू नका, समोर बघा. म्हणून मी वळून बघितलं नाही. चपलांच्या दुकानापर्यंत गेले, तिथून वळसा, मग खेळण्यांच्या दुकानावरून परत. पाय थरथरत होता आधी, नंतर नाही. अहो, इतक्या वर्षांनी मी कशालाही न धरता चालत होते. चालता चालता एकटीच हसत होते वेड्यासारखी.

परत आले तेव्हा तुम्ही खांबाला डोकं टेकून बसला होतात. काठी मांडीवर आडवी, फोन हातात. मी म्हटलं, "घ्या! इकडे बायकोने शर्यत जिंकली आणि हे फोनमध्ये डोकं घालून."

पुढचं मला आठवत नाही. आठवायचंही नाही. पण त्या दिवसापासून दुसरा एक प्रश्न माझा जीव खातोय, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट आहे. तुम्ही मला चालताना बघितलंत का? की मी पाठ वळवली आणि तुम्ही तेवढ्यात... हे कुणाला विचारायचं? मनीषाला विचारलं तर ती रडायला लागेल. खांबाला विचारू?

म्हणून काल मनीषा गेल्यावर आज सकाळी मी तयार झाले आणि एकटी निघाले. चार माळे उतरले, काठी न घेता. रिक्षा केली आणि त्या डॉक्टर मॅडमकडे गेले. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू. सगळी वाक्यं रिक्षात पाठ केली होती.

"मॅडम," मी बसायच्या आधीच म्हटलं, "साठ टक्केवाला माणूस मरतो कसा, ते मला सांगा. तुमचं मशीन चुकलं की तुम्ही?"

ती पोरगी रागावली नाही. बसा म्हणाली. पाणी दिलं. मला अजूनच संशय आला. चूक केलेली माणसं आधी पाणी देतात. मग तिने कॉम्प्युटरवर तुमची ती तपासणी काढली, आणि अहो, मला एकदम तुम्ही दिसलात. करड्या रंगात आवळणारे, सैल सुटणारे. त्या स्क्रीनमध्ये तुम्ही अजून चालू होतात. मी पदर तोंडाला लावला. ती थांबली, आणि मी म्हटलं, "थांबू नका, सांगा."

तिने सांगितलं. हा डावा कप्पा. फुप्फुसातून आलेलं ताजं रक्त वरच्या कप्प्यातून यात उतरतं, हा भरतो, आणि मग आवळून ते सगळ्या अंगाला पाठवतो. पूर्ण भरलेला असतो तेव्हाचं एक चित्र थांबवायचं, पूर्ण आवळलेला असतो तेव्हाचं दुसरं. दोन्हीत आतल्या कडेने रेघ मारायची. आधी किती होतं, शेवटी किती उरलं, त्यावरून कळतं शंभरातलं किती बाहेर पडलं.

"मग चाळीस आत राहतंच?"

"राहतंच काकू. सगळं कुणाचंच बाहेर पडत नाही. शंभर टक्के कुणालाच मिळत नाहीत. एरवी साठ म्हणजे छानच."

"ही रेघ मारतं कोण?"

"टेक्निशियन. मग मी तपासते."

"दुसऱ्या कुणी मारली तर?"

"चार-पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकतात."

"म्हणजे पेपर तपासण्यासारखंच झालं," मी म्हटलं. ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "अगदी तसंच."

मग तिने एक बटण दाबलं आणि चित्रात रंग आले. कप्पा आवळला, आणि एक पिवळा-निळा फवारा उडाला, पण पुढे नाही, मागे, वरच्या कप्प्यात. परत आवळला, परत मागे. "हा मधला व्हॉल्व," ती म्हणाली. "हा नीट मिटत नव्हता. बाहेर पडलेल्या साठातलं बरंचसं उलटं जात होतं. आकडा फक्त किती बाहेर पडलं ते सांगतो काकू, कुठल्या दाराने ते नाही सांगत. आणि मागचं दार उघडं असलं की कप्प्याला आवळायला सोपं जातं, म्हणून अशा माणसाचा आकडा उलट जास्त दिसायला हवा, सत्तरच्या आसपास. त्यांचा साठ होता. म्हणजे पंप दमायला लागला होता."

डिस्टिंक्शन हुकली हो वहिनी.

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. "हे त्यांना सांगितलं होतंत?"

"त्याच दिवशी. तुम्ही बाहेर बसला होतात. हेच चित्र दाखवलं."

मी इतक्या सहज विश्वास ठेवणारी नाही, तुम्हाला ठाऊक आहे. गेलेला माणूस साक्षीला येत नाही, मग काय, काहीही सांगता येतं. मी तिच्याकडे रोखून बघितलं, वर्गात बघायची तसं. "मग काय म्हणाले ते? शब्दन् शब्द सांगा."

तिने जरा आठवलं. "ते आधी स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, मॅडम, म्हणजे एनआरव्ही गेला. मी म्हटलं, काय? तर हसून म्हणाले, मीटर खोटं बोलत नाही, पण पाणी कुठे गेलं ते मीटरला विचारायचं नसतं."

संपलं. हे वाक्य तिला दुसरं कोण सांगणार? ते माझ्या ताटासमोर, वाटी-चमच्यासमोर जन्मलेलं वाक्य. तुम्हाला माहीत होतं. पेढा खाताना माहीत होतं, तिसरी उशी घेताना माहीत होतं, तुळशीकडे बघत उभे राहिलात तेव्हाही माहीत होतं. माझ्या डोळ्यांदेखत कॉपी केलीत, आणि ज्या बाईच्या वर्गात पोरं चिठ्ठ्या गिळून टाकायची, तिला पत्ता लागला नाही.

मी तिथेच रडले. तिच्यावरही ओरडले. मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, पेशंटने घरी सांगू नका म्हटलं की मला सांगता येत नाही. मी त्यांना खूप रागावले होते काकू. थांबू नका म्हटलं, व्हॉल्व दुरुस्त करून घ्या. ते एकटे परत परत यायचे, गोळ्या बदलून घ्यायचे, आणि दरवेळी तेच सांगायचे. आधी तिचा गुडघा. मी आधी ऑपरेशनला झोपलो आणि उठलो नाही तर ती गुडघा करणारच नाही. चौथ्या माळ्यावरून खाली उतरणारच नाही. ती काठीशिवाय चालायला लागली की मी तुमचा.

अहो, कुणी विचारलं होतं तुम्हाला? कुणी सांगितलं होतं माझा नंबर आधी लावायला? मला निवडू दिलं असतंत तर मी काय निवडलं असतं ते तुम्हाला पक्कं माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाहीत. हे भांडण मी सोडलेलं नाही. उद्या मी वर आले की पहिलं हेच काढणार आहे, आणि तिथे एसीबिसीचं कारण सांगून मला बाहेर बसवता येणार नाही.

आणि तरी हेही सांगते. मी आज चार माळे उतरले. कुणाला हाक न मारता, पिशवी दोरीला न बांधता. भाजीवाल्याच्या गाडीपाशी उभं राहून मी स्वतःच्या हाताने मेथी निवडून घेतली. तो म्हणाला, आजी, तुम्ही एवढ्या उंच आहात ते मला माहीतच नव्हतं. आपल्या मॉलच्या वेळेला त्याची गाडी नसायची, त्याने मला नेहमी वरून डोकावतानाच बघितलं होतं.

डॉक्टर मॅडमकडून निघताना दारात मी थांबले. दुसरा प्रश्न जिभेवर होता, पण तो तिला काय विचारायचा? तिला काय ठाऊक? तेवढ्यात तीच म्हणाली, "काकू, एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला होता मला."

"कुठल्या दिवशी?"

"त्याच. मागे गाणी चालू होती, मॉलसारखी. आवाज दमलेला होता, पण खूश होते. म्हणाले, मॅडम, काठी सुटली. चपलांच्या दुकानापर्यंत पोचली बघा, वळली, आता येतेय परत. द्या माझी तारीख."

मी तिच्या टेबलाला धरून उभी राहिले. ती उठून आली, तिने माझा हात धरला. मी पुन्हा काही विचारलं नाही.

आता घरी आलेय. चढताना पाटणकरांच्या दाराशी थांबले, गुडघ्याला काही झालं नव्हतं. तुळशीकडे बघितलं. सुकलीय थोडी, त्यांना सांगायला हवं.

तुमचा फोन कपाटात आहे. मनीषाने चार्ज करून ठेवलाय. त्यात त्या सकाळचा तो कॉल आहे की नाही, ते बघायला एक मिनिट लागेल. तुमचा लॉकही मला माहीत आहे, तुम्हाला वाटायचं माहीत नाही. दोनदा कपाटापाशी जाऊन आले.

नाही बघणार. आयुष्यात पहिल्यांदा एक पेपर मी न तपासता पास करतेय. तुम्ही मला बघितलंत.